विष्णुबुवा ब्रह्मचारी : टीकेला मोकळ्या मैदानात उत्तर

आपल्या श्रद्धेवर कुणी टीका केली की तुमचे काय होते? राग येतो, की वाद नको म्हणून तुम्ही गप्प बसता? विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी यापेक्षा वेगळी वाट धरली.

त्यांचे मूळ नाव विष्णु भिकाजी गोखले. जन्म १८२५ सालचा, आजच्या रायगड जिल्ह्यातील शिरवली गावी. वडील लहानपणीच वारले. पुढे त्यांनी सरकारच्या जकात खात्यात नोकरी केली; पण मन ईश्वराच्या शोधात होते. तरुणपणीच नोकरी सोडून ते सप्तशृंगीच्या डोंगरावर गेले आणि तेथे त्यांनी साधना केली.

१८५६ मध्ये ते मुंबईत आले. त्या काळी ख्रिस्ती मिशनरी शाळांतून, रस्त्यांवरून आणि छापील पत्रकांतून हिंदू धर्मावर आक्षेप घेत होते. शिकलेले काही तरुण धर्मांतर करत होते. घराघरांत चिंता होती, पण समोर उभे राहून बोलणारे थोडेच होते.

विष्णुबुवांनी मिशनऱ्यांना जाहीर चर्चेला बोलावले. जानेवारी ते मे १८५७ या काळात मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर या सभा भरल्या. कुणीही यावे, ऐकावे. बुवा आक्षेपांना उत्तरे देत आणि स्वतःही प्रश्न विचारत. प्रतिपक्षातील अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेन यांनी या चर्चांचा वृत्तांत त्याच वर्षी इंग्रजीत छापला.

असा प्रसंग केवळ आपल्याकडेच आला असे नाही. सतराव्या शतकात इंग्लंडमधील क्वेकर पंथाला तिथले धर्मगुरू पाखंडी ठरवत होते. हजारो क्वेकर तुरुंगात गेले. तेव्हा स्कॉटलंडच्या रॉबर्ट बार्कली यांनी १६७६ मध्ये लॅटिन भाषेत ग्रंथ लिहून आपल्या पंथाची भूमिका मुद्देसूद मांडली. टीकेला विचाराने उत्तर देण्याची ही परंपरा जगभरची आहे.

विष्णुबुवांनीही १८५९ मध्ये ‘वेदोक्त धर्मप्रकाश’ हा ग्रंथ लिहिला. मात्र धर्माची बाजू घेताना त्यांनी समाजाचे दोष झाकले नाहीत. वर्ण जन्माने नव्हे, गुणकर्माने ठरतो, असे त्यांचे मत होते. १८६७ च्या ‘सुखदायक राज्यप्रकरणी निबंधा’त तर सर्वांनी मिळून जमीन कसावी आणि सामाईक कोठारातून प्रत्येकाला अन्न मिळावे, अशी कल्पना त्यांनी मांडली. अशा विचारांमुळे स्वधर्मीयांचा रोषही त्यांना सोसावा लागला. १८७१ मध्ये त्यांचे निधन झाले.

साधकहो, बाहेरच्या टीकाकाराला उत्तर देणे त्या मानाने सोपे. आपल्याच माणसांना त्यांची चूक दाखवणे अवघड. बुवांनी दोन्ही केले. पुढच्या वेळी कुणी तुमच्या श्रद्धेवर बोट ठेवले, तर आधी त्याचे म्हणणे पूर्ण ऐका. त्यात खरे असेल ते मान्य करा. उरलेल्याचे उत्तर शांतपणे द्या. तसे उत्तर देता यावे, इतका आपल्या धर्माचा अभ्यास आपण केला आहे का?