सायकलदुकानातून कारखान्यात

मैत्रिणींनो, घरात नवी मोटारसायकल आली की मुलगा आठवडाभर साडीगार्ड नाहीतर लेगगार्ड जोडत बसतो. काय मेली ही खटपट, असं आपण म्हणतो. अशा खटपटीतूनच लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९-१९५६) उभे राहिले.

चित्रकार व्हायला गुर्लहोसूरहून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, तर काही रंग डोळ्यांना ओळखूच येत नाहीत असं निघालं! मग यंत्रांची रेखाटनं शिकले, व्हीजेटीआयमध्ये शिकवू लागले. बढती डावलली गेली तेव्हा बांधलेला पगार सोडून बेळगाव गाठलं. तिथे भाऊ रामूअण्णांबरोबर सायकलींचं दुकान. विकायच्या, दुरुस्त करायच्या, गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचं.

हात यंत्राला सरावले होते. कडबा कापायचं यंत्र केलं, पुढे लोखंडी नांगर. पण लोखंडानं जमीन नासते, ही शेतकऱ्यांची समजूत. दोन वर्षं नांगर पडून! पैसा अडकलेला, तरी सुधारणा चालूच. शेवटी नांगर खपू लागले.

१९१० मध्ये औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. पुतणे शंकरराव यांनी १९३० साली ‘स्त्री’ मासिक काढलं ते या वाडीतूनच. तुमच्या आजीनं वाचलंही असेल.