वनश्रीचा नकाशा काढणारा हम्बोल्ट

पृथ्वीच्या पाठीवर कोठे भर दुपारी अंधार वाटावा असे घनदाट अरण्य आहे, कोठे दृष्टी पोहोचेल तेथवर गवताचे माळ पसरले आहेत, कोठे नुसती वाळू आहे, तर कोठे बर्फाच्या कडेला खडकांवर दगडफुलाखेरीज काही उगवत नाही. ही विविधता माणूस प्राचीन काळापासून पाहत आला. परंतु अमुक ठिकाणी अरण्यच का आणि तमुक ठिकाणी माळच का, या प्रश्नाचे उत्तर तापमापक आणि वायुभारमापक हाती घेऊन शोधण्याचा पद्धतशीर उद्योग दोन-सव्वादोन शतकांपलीकडचा नाही. त्या उद्योगाचा भक्कम पाया ज्याने घातला तो अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट हा जर्मन शास्त्रज्ञ होय.

आपल्याकडील जुन्या वाचकांना त्याचा थोरला भाऊ विल्हेल्म कदाचित अधिक परिचित असेल. संस्कृत शिकून १८२५ आणि १८२६ साली बर्लिनच्या अकादमीपुढे भगवद्गीतेवर व्याख्याने देणारा पंडित तो हाच. धाकट्या भावाचाही हिंदुस्थानाशी संबंध आला, पण तो एका अपुऱ्या राहिलेल्या इच्छेच्या रूपाने. ती हकिगत पुढे येईलच.

अलेक्झांडरचा जन्म बर्लिन येथे १४ सप्टेंबर १७६९ रोजी झाला. वडील प्रशियाच्या सैन्यातील अधिकारी. मुलगा नऊ वर्षांचा असतानाच ते वारले. आई सधन घरातली, करारी व शिस्तीची. तिने घरी उत्तम शिक्षक ठेवून दोन्ही मुलांना शिकविले. धाकट्याचा जीव मात्र पानेफुले, किडे आणि शंखशिंपले गोळा करण्यात रमे. मुलाने सरकारी नोकरी धरावी अशी आईची इच्छा होती आणि ती त्याने मोडली नाही. ग्यॉटिंगेन येथील शिक्षणानंतर १७९० साली त्याला गेओर्ग फोर्स्टर याच्याबरोबर इंग्लंडपर्यंत प्रवास करण्याची संधी मिळाली. कॅप्टन कुकच्या जहाजावरून पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेल्या या माणसाच्या सहवासात दूरदेश पाहण्याची त्याची ओढ पक्की झाली. तरीही फ्रायबर्ग येथे खनिजविद्या शिकून वयाच्या बाविसाव्या वर्षी तो खाणींचा अधिकारी झाला. खाणकामगारांसाठी त्याने पदरच्या पैशाने शाळा काढली, त्यांच्यासाठी सुरक्षित दिवा तयार केला, आणि उजेडाचा किरणही न पोहोचणाऱ्या त्या बोगद्यांत वाढणाऱ्या वनस्पतींवर १७९३ साली ग्रंथ लिहिला. परिस्थिती बदलली की वनस्पतीचे जीवन कसे बदलते, या प्रश्नाशी त्याची गाठ अशी जमिनीखालीच पडली.

१७९६ साली आई निवर्तली. वडिलोपार्जित संपत्तीचा मोठा वाटा हाती आला आणि हम्बोल्टने नोकरी सोडली. युरोपात तेव्हा युद्धांची धामधूम चालू होती. ठरलेल्या सफरी एकामागून एक रद्द झाल्या. अखेर स्पेनच्या राजाने आपल्या अमेरिकेतील मुलखात फिरण्याचे परवाने दिले. एमे बाँप्लां या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाला बरोबर घेऊन हम्बोल्ट ५ जून १७९९ रोजी ला कोरुन्या बंदरातून निघाला. वाटेत टेनेरिफ बेटावरील तेइदे ज्वालामुखी चढताना पायथ्याचे द्राक्षमळे मागे पडून पुढे झाडी, मग झुडपे आणि शेवटी उघडा लाव्हा असे वनश्रीचे थर त्याने पाहिले. १६ जुलै रोजी तो आजच्या व्हेनेझुएलातील कुमाना येथे उतरला.

त्या देशात त्याने दोन गोष्टी पाहिल्या. पहिली व्हॅलेन्सियाच्या सरोवराची. सरोवराचे पाणी वर्षानुवर्षे हटत होते, आणि तळाशी एखादी गुप्त वाट असून तिच्यातून ते निघून जाते असा तेथील लोकांचा समज होता. हम्बोल्टने निराळे कारण दिले. भोवतालच्या डोंगरांवरील झाडे तोडली गेली होती आणि सरोवराला मिळणारे ओढे शेतीकडे वळविले गेले होते. झाडांच्या आधाराने जमिनीत मुरणारा पाऊस आता एकदम वाहून जाई, मातीही धुपून नेई, आणि उन्हाळ्यात झरे आटत. हवामान जसे वनश्रीला घडविते तशी वनश्रीही पाणी आणि हवा यांना सावरते, ही गोष्ट १८०० साली इतक्या स्पष्टपणे मांडणारे फार थोडे होते.

दुसरी गोष्ट ल्यानोस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गवताळ मैदानांची. पावसाळ्यात ती मैदाने पाण्याखाली जातात आणि कोरड्या ऋतूत करपून भेगाळतात. ऊब भरपूर असूनही तेथे महारण्य उभे राहत नाही, कारण वर्षातील कित्येक महिने पाण्याचा थेंब नसतो. त्याच मैदानांच्या दक्षिणेस, ओरिनोको नदीच्या वरच्या भागात, पाऊस जवळजवळ बारमाही होताच अरण्य इतके दाट होते की प्रवाशाला किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा मिळत नाही. डासांनी हैराण होऊन, होडीत आखडून बसून हम्बोल्टने हा पालट पाहिला. वर्षभरात एकूण पाऊस किती पडतो याइतकेच तो कोणत्या महिन्यांत पडतो यालाही महत्त्व आहे, हे या दोन शेजारी प्रदेशांनी उघड केले.

पुढे क्युबा व कोलंबिया करून १८०२ च्या आरंभी तो कीटो येथे पोहोचला. आज ६,२६३ मीटर उंची ठरलेले चिम्बोराझो शिखर त्या काळी जगातील सर्वांत उंच मानले जाई. २३ जून १८०२ रोजी हम्बोल्ट, बाँप्लां आणि कीटोचा तरुण कार्लोस मोंतुफार यांनी ते चढण्याचा प्रयत्न केला. विरळ हवेने चक्कर येत होती, हिरड्यांतून रक्त येत होते. तरीही ठरावीक टप्प्यांवर थांबून मोजमापे घेणे सुटले नाही. एका मोठ्या घळीने वाट अडविली तेव्हा ते सुमारे ५,८०० मीटरांच्या वर होते. शिखर हाती आले नाही. पण अँडीज पर्वतावर त्या सुमारास केलेल्या चढउतारांतून त्याला एक मोठे सूत्र सापडले. पायथ्याशी ताड आणि केळी, वर ओकसारखे वृक्ष, त्यावर झुडपे, मग गवत, मग दगडफूल आणि शेवटी बर्फ. विषुववृत्तापासून ध्रुवाकडे हजारो कोस चालत जाणाऱ्याला वनश्रीचे जे पालट दिसतील, साधारण तसेच या पर्वतावर काही दिवसांच्या चढणीत दिसतात. हजार मीटर वर गेल्यास हवा सरासरी सहा-साडेसहा अंशांनी थंड होते, हे त्याचे मुख्य कारण.

१८०७ साली प्रसिद्ध झालेल्या वनस्पतींच्या भूगोलावरील ग्रंथात त्याने हे सारे एका मोठ्या चित्रात मांडले. पर्वत मधोमध कापल्यासारखा दाखवून ज्या उंचीवर जी वनस्पती आढळली तेथे तिचे नाव लिहिले, आणि दोन्ही बाजूंच्या रकान्यांत त्या उंचीवरील उष्णता, आर्द्रता, हवेचा दाब, होणारी पिके व राहणारे प्राणी यांची नोंद केली. त्यापूर्वीचे बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञ वनस्पतीला मुळासकट उपटून तिचे कुळ ठरवीत. ती कोणत्या हवेत आणि कोणाच्या शेजारी उभी होती हे नोंदविण्याकडे त्यांचे लक्ष कमी असे.

पेरूच्या किनाऱ्यावर त्याला आणखी एक कोडे भेटले. समोर अथांग समुद्र आणि काठावर वाळवंट! समुद्राचे पाणी मोजले तेव्हा त्या उष्ण प्रदेशात ते आश्चर्य वाटावे इतके थंड निघाले. त्याचा अर्थ आज नीट लागला आहे. थंड पाण्यावरची हवा गार व जड राहते, ती वर चढत नाही. त्यामुळे धुके दाटते, पण पाऊस पडत नाही. त्याच थंड पाण्यात मासळी मात्र अमाप, आणि मासळीमुळे समुद्रपक्ष्यांचे थवे. पुढे त्या प्रवाहाला हम्बोल्टचे नाव देण्यात आले, तेव्हा तेथील कोळ्यांना तो शेकडो वर्षे ठाऊक असल्याचे सांगून त्याने त्या मानाला हरकत घेतली.

मेक्सिको व अमेरिकेची संयुक्त संस्थाने पाहून ऑगस्ट १८०४ मध्ये तो फ्रान्सला परतला आणि पॅरिसमध्ये वीस वर्षांहून अधिक काळ राहिला. प्रवासावरील सुमारे तीस खंड छापण्यात त्याची सारी संपत्ती खर्ची पडली. याच काळात, १८१७ साली, त्याने समताप रेषांचा नकाशा केला. इंग्लंड आणि लाब्राडोर जवळजवळ एकाच अक्षांशावर. पण एकीकडे हिरवी कुरणे आणि दुसरीकडे कडाक्याची थंडी. सरासरी तापमान सारखे असलेली ठिकाणे रेषेने जोडताच ती रेषा अक्षवृत्तापासून कशी वळते हे एका दृष्टिक्षेपात कळू लागले. समुद्र, वारे, उंची आणि खंडांची ठेवण मिळून हवामान घडते, हा त्या नकाशाचा अर्थ. दूरदूरच्या देशांत हवा सारखी असेल तर झाडांची ठेवणही सारखी होते. अमेरिकेतील फड्या निवडुंग आणि आफ्रिकेतील थोर यांची कुळे वेगळी, तरी दोघांचे मांसल खोड आणि काटे अवर्षणाशी झगडूनच घडले आहेत.

आता राहिली इच्छा हिमालयाची. अँडीजवर सापडलेले सूत्र हिमालयावर पडताळल्यावाचून पुरे होणार नाही, हे त्याला कळत होते. १८१८ साली प्रशियाच्या राजाने खर्चाची तयारीही दाखविली. किल्ली ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती होती. १८१४ ते १८१८ या काळात हम्बोल्ट तीन वेळा लंडनला गेला, मोठमोठ्यांच्या गाठी घेतल्या. पण परवानगी मिळाली नाही ती नाहीच. स्पेनच्या अमेरिकेतील राज्यकारभारावर आणि गुलामगिरीवर त्याने ग्रंथांतून कठोर टीका केली होती. असा माणूस आपल्या मुलखात नको असे कंपनीला वाटले असावे, असे त्याचे चरित्रकार मानतात.

त्याने हात टेकले नाहीत. इंग्रज मोजणीदारांच्या नोंदी मिळवून तो पॅरिसमध्ये बसून हिमालयाचा अभ्यास करू लागला. हिमालयाच्या तिबेटकडील बाजूस हिमरेषा दक्षिण बाजूपेक्षा अधिक उंचीवर आहे, असे त्या नोंदींवरून दिसत होते. उत्तरेकडे अधिक थंडी, मग बर्फ खाली उतरायला हवे, असे वाटणाऱ्यांना हे खरे वाटेना. हम्बोल्टने त्याची कारणे सांगितली. दक्षिण उतारावर दमट वारे येऊन आदळतात व हिमवर्षाव विपुल होतो; तिबेटचे पठार कोरडे, आकाश निरभ्र आणि जमीन उन्हाने तापलेली, म्हणून तेथे बर्फ वर सरकते. न पाहिलेल्या पर्वताविषयीचा हा निष्कर्ष पुढे खरा ठरला.

१८२९ साली, साठीच्या उंबरठ्यावर, रशियाच्या झारच्या खर्चाने तो उरल व अल्ताई पर्वतांपर्यंत आणि चीनच्या सरहद्दीपर्यंत जाऊन आला. समुद्रापासून दूर असलेल्या त्या स्टेप मैदानांनी त्याला आशियाची दुसरी बाजू दाखविली. हिमालय मात्र दक्षिणेस, दूरच राहिला.

उतारवयात त्याने विश्वाचे समग्र वर्णन करणारा ‘कॉसमॉस’ हा ग्रंथ हाती घेतला. त्याचा पहिला खंड १८४५ साली निघाला. १८४७ च्या दुसऱ्या खंडात निरनिराळ्या लोकांनी निसर्ग कसा पाहिला याचा विचार करताना त्याने कालिदासाची आवर्जून दखल घेतली आहे आणि मेघदूताचा गौरव केला आहे. रामगिरीहून निघून विदिशा व उज्जयिनीवरून हिमालयात जाणाऱ्या त्या मेघाची वाट माळव्यातील वाचकांच्या दारावरून जाते. पावसाळी ढग हिमालयाच्या दक्षिण अंगाला कसा जाऊन भिडतो, हे हम्बोल्टने मोजणीदारांच्या नोंदींतून अनुमानिले, तेच त्याला या कवीच्या काव्यातही भेटले.

त्याच्या शिफारशीने श्लागिन्ट्वाइट आडनावाच्या तीन जर्मन भावांना त्याच कंपनीने चुंबकीय मोजणीसाठी नेमले. १८५४ साली ते मुंबईस उतरले व हिमालयापलीकडेही गेले. त्यांपैकी आडोल्फ १८५७ साली काश्गर येथे मारला गेला. हम्बोल्टचा मृत्यू बर्लिन येथे ६ मे १८५९ रोजी, नव्वदीला काही महिने उरले असताना झाला. शिलकीत पैसा उरला नव्हता.

त्याने लावलेले रोप पुढे वाढले. व्लादिमिर कोपेन याने १९०० साली वनश्रीच्या आधारानेच जगाच्या हवामानाचे पाच मुख्य वर्ग पाडले. सारखे हवामान, सारखी वनश्री आणि तिच्यावर जगणारे प्राणी मिळून होणाऱ्या विस्तीर्ण जीवप्रदेशाला शास्त्रज्ञ आज बायोम म्हणतात. २०१२ साली संशोधक पुन्हा चिम्बोराझोवर गेले. दोन शतकांत तेथील वनस्पती पाचशे मीटरांहून अधिक वर सरकल्या, असे त्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केले. २०१९ साली इतरांनी जुनी कागदपत्रे तपासली, तेव्हा हम्बोल्टने चित्रात दाखविलेल्या उंचावरील बऱ्याच वनस्पती शेजारच्या अंतिसाना पर्वतावरील होत्या असे आढळले. तो हिशेब दुरुस्त केल्यावर सरकण्याचे अंतर दोनशे-अडीचशे मीटरांच्या आसपास आले. अंतर कमी झाले, पण चढण खरी ठरली. तापत चाललेल्या पृथ्वीवर झाडे थंडाव्याच्या शोधात डोंगर चढत आहेत, आणि शिखराच्या वर चढायला जागा नसते. हे आपल्याला मोजून सांगता येते, कारण १८०२ साली एका माणसाने धापा टाकीत असतानाही कोणते झाड कोठे उभे आहे हे लिहून ठेवले होते.