आर्कियास
आर्कियास (इ.स.पू. आठवे शतक) हा ग्रीसमधील कॉरिंथ नगरराज्याचा उमराव व सिसिली बेटावरील सिराक्यूज नगरीचा संस्थापक होता. थ्युसिडिडीझच्या मते सिसिलीतील नॅक्सॉस ही पहिली ग्रीक वसाहत झाल्यावर पुढच्याच वर्षी त्याने सिराक्यूज वसवले. हा काळ सामान्यतः इ.स.पू. ७३३ च्या सुमाराचा धरतात. त्या वेळी कॉरिंथवर बॅकियाड कुळाची सत्ता होती आणि आर्कियास त्याच कुळातला मानला जातो.

त्याच्या देशत्यागाची कथा प्लूटार्कने दिली आहे. मेलिसस या नागरिकाचा ॲक्टिऑन हा देखणा मुलगा होता. त्याच्यावर आर्कियासचे मन जडले. मुलगा वश होईना, तेव्हा तो मद्यधुंद साथीदारांसह मेलिससच्या घरी जाऊन त्याला बळाने नेऊ लागला. घरचे व शेजारी आडवे आले आणि ओढाताणीत मुलाचा अंत झाला. पित्याने प्रेत चौकात आणून न्याय मागितला. सत्ताधारी कुळापुढे लोक हळहळले, इतकेच. अखेर इस्थमियन उत्सवात मेलिससने पोसायडनच्या मंदिरावरून उडी घेऊन प्राण दिला. त्यानंतर अवर्षण व रोगराई आली. डेल्फीला कौल लावला असता, ॲक्टिऑनच्या मृत्यूचे शासन होईपर्यंत देवाचा कोप शमणार नाही, असे उत्तर मिळाले. कौल घेण्यास गेलेल्यांत स्वतः आर्कियासही होता. तो कॉरिंथला परतलाच नाही.

स्ट्रेबोची कथा निराळी आहे. देवाने संपत्ती की आरोग्य असे विचारता आर्कियासने संपत्ती मागितली, तर क्रोटोनच्या संस्थापकाने आरोग्य मागितले. सिराक्यूजचे वैभव डोळ्यांपुढे असताना ही कथा मागाहून रचली गेली असावी.

वसाहतकऱ्यांत कॉरिंथजवळच्या टेनिआ गावचे लोक अधिक होते. वाटेत केर्किरा बेटावर वसाहत करण्यासाठी त्याने केर्सिक्राटीस यास मागे ठेवले. इथिऑप्स नावाच्या प्रवाशाने नव्या भूमीतील आपला जमिनीचा वाटा जहाजावरच मधाच्या एका पोळीच्या बदल्यात सोबत्याला विकून टाकला, अशीही आठवण आहे. निघालेल्यांत असेही लोक होते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

आर्कियास ऑर्टिजिया या किनाऱ्यालगतच्या बेटावर उतरला. दोन्ही बाजूंस उत्तम बंदरे आणि समुद्राला लागूनच ॲरेथुसा हा गोड्या पाण्याचा झरा, अशी ही जागा होती. मात्र ती निर्जन नव्हती. तेथील सिसेल लोकांना त्याने हुसकावून लावले. थ्युसिडिडीझने ही गोष्ट जेमतेम अर्ध्या वाक्यात उरकली आहे. पण ऑर्टिजियाच्या उत्खननात ग्रीक वस्तीच्या खाली त्यांच्या झोपड्यांचे अवशेष सापडले आहेत. पुढे आद्य वसाहतकऱ्यांचे वंशज गॅमोरॉय या नावाने जमीनदार बनले व त्यांची शेते किलिरिओय नावाचे दास कसू लागले. हे दास मूळ रहिवाशांचे वंशज असावेत, असे अनेक अभ्यासक मानतात.

आर्कियासला ऑर्टिजिया व सिराकूसा या दोन मुली होत्या, असे प्लूटार्क सांगतो. त्याच्याच म्हणण्यानुसार टेलेफस याने आर्कियासचा कपटाने वध केला. हा टेलेफस बालपणी आर्कियासच्या वासनेस बळी पडला होता आणि मोहिमेत एका जहाजाचा प्रमुख म्हणून त्याच्यासोबत आला होता.