लक्ष्मीबाई टिळक आणि त्यांचे विद्यार्जन

परीक्षेचे निकाल लागले म्हणजे अमुक मुलगा हुशार, अमुक मंद, असे शिक्के मारून आपण मोकळे होतो. परंतु विद्यार्थ्याच्या यशापयशात त्याच्या बुद्धीचा वाटा किती आणि त्याचे घर, समाज व परिस्थिती यांचा वाटा किती, याचा हिशेब सहसा कोणी करीत नाही. हा हिशेब करणे किती अगत्याचे आहे, हे ज्यांच्या चरित्रावरून आम्हास उमगले त्या लक्ष्मीबाई टिळक यांची हकीकत आज आमच्या विद्यार्थी वाचकांस सांगण्याचे योजिले आहे. नगर आणि राहुरी येथे त्यांच्या आयुष्याची मोलाची वर्षे गेली. तेव्हा त्या आपणांस परक्या नव्हेत.

लक्ष्मीबाईंचा जन्म १ जून १८६८ रोजी नाशिकजवळील जलालपूर या लहानशा गावी, गोखल्यांच्या घराण्यात झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. घरी सारे मनू म्हणत. मनूच्या आईचे वडील सत्तावन्नच्या बंडाच्या प्रकरणात फाशी गेले होते. त्या प्रसंगाचा धक्का मनूच्या वडिलांच्या मनास असा काही बसला की, सोवळ्याओवळ्याचे त्यांस जणू वेडच लागले. बाजारातून आणलेल्या जिनसाही धुऊन घ्याव्या, अमक्यास शिवू नये, तमक्या ठिकाणी बसू नये, अशा धाकात घरातील बायकामुलांचे दिवस जात. ज्या घरात हात लावण्याचीच भीती, त्या घरात पुस्तकास कोण हात लावणार? मुलीने शिकावे हा विचार तर त्या काळच्या बहुतेक घरांत कोणाच्या स्वप्नीही येत नसे.

त्या काळी मुलींच्या शाळा मुळी नव्हत्याच, असे मात्र नव्हे. आमच्या नगर शहरी सिंथिया फरार या अमेरिकन बाईंनी १८३९ पासून मुलींच्या शिक्षणाचे काम चालविले होते. म्हणजे मनूच्या जन्मापूर्वी जवळजवळ तीस वर्षे. जोतीराव फुले यांनी त्यांच्या शाळा पाहिल्या आणि त्यानंतर १८४८ साली पुण्यास मुलींची शाळा उघडली. तथापि एके ठिकाणी शाळा निघाली म्हणून विद्या दुसऱ्या ठिकाणच्या प्रत्येक घरी पोचते असे नाही. शाळेचे दार उघडे असून घराचे दार बंद असेल, तर मूल बाहेर पडणार कसे? १९०१ च्या खानेसुमारीत हिंदुस्थानातील हजार स्त्रियांमागे सहा-सातच साक्षर आढळल्या, त्याचे मर्म हेच होय. त्या उरलेल्या साऱ्या जणी मंद होत्या, असे कोण म्हणेल?

वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी मनूचे लग्न नारायण वामन टिळक यांच्याशी झाले व ती लक्ष्मी झाली. टिळकांचा जन्म १८६१ सालचा. आई लहानपणीच निवर्तली, घरची गरिबी; तरी नाशकास गणेशशास्त्री लेले यांच्यासारख्या गुरूंजवळ त्यांनी संस्कृताचा अभ्यास केला. कवित्व व वक्तृत्व त्यांच्या अंगी उपजतच होते. अशा पतीने बायकोस अक्षरओळख करून द्यावयाचे मनावर घेतले, हे लक्ष्मीबाईंचे भाग्य. पण शिक्षक पडले तापट. मास्तरांचा राग आणि घरकामाचा रगाडा यांमध्ये धडा वारंवार बंद पडे व पुन्हा कधीतरी सुरू होई. त्यात टिळकांस एका ठिकाणी स्वस्थता म्हणून नसे. आज एका गावी शिक्षक, उद्या दुसऱ्या गावी. पुढे नागपूर, मग राजनांदगाव. प्रत्येक वेळी बिऱ्हाड मोडावयाचे व नव्याने मांडावयाचे. पोटच्या मुलांचे मृत्यूही त्यांस सोसावे लागले. अशा ओढाताणीत लक्ष्मीबाई वाचावयास शिकल्या. लिहिणे त्याहून कठीण गेले. जोडाक्षरे तर त्यांस पुढेही फार काळ हुलकावणी देत राहिली.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाईंवर आकाशच कोसळले. लहानग्या दत्तूस घेऊन त्या नातलगांच्या आश्रयास पंढरपुरी राहिल्या. पतिपत्नींचा हा वियोग चार-पाच वर्षे टिकला. त्यानंतर त्या नगरास आल्या, तरी आरंभी आपले सोवळे सांभाळून निराळ्याच राहत. बालपणी घराने मनावर जे बिंबविले होते, ते एका दिवसात कसे पुसावे? परंतु राहुरीस असता त्यांनी जातिभेदाविषयी आपल्या मनाशी पुष्कळ खल केला आणि तो भेद देवाने नव्हे, माणसानेच निर्माण केला आहे, अशा निर्णयास त्या आल्या. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. येथे आम्हास नमूद करावयाचे ते हे की, हा निर्णय त्यांनी कोणाच्या सांगण्यावरून घेतला नाही. ज्या बुद्धीस कोणी शाळेत घातले नव्हते, ती स्वतःच विचार करावयास शिकली होती.

यापुढील नगरचे दिवस त्यांच्या विद्यार्जनाचे खरे दिवस होत. प्लेगाच्या साथीत त्यांनी रोग्यांची शुश्रूषा केली. अनाथ व गरीब मुलांस घरी आणून पोसले. घरात पैसा टिकत नसे, पण माणसांचा तोटा नसे. कवितांचे वाचन, लेखांची चर्चा, भजनांची रचना हा तेथला नित्याचा व्यवहार. बालकवी ठोमरे यांच्यासारखा तरुण कवी काही काळ याच घरी राहिला आणि लक्ष्मीबाईंनी त्यास आईची माया दिली. मडके जसे चाकावर तसे मन सहवासात घडते. जलालपूरच्या घरी ज्या कानांवर स्पर्शास्पर्शाचे नियम पडत, त्याच कानांवर आता शब्द, छंद व विचार पडू लागले. माणूस तेच, हवा पालटली. लक्ष्मीबाई स्वतः कविता करू लागल्या व पुढे सभांतूनही बोलू लागल्या.

९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईस निवर्तले. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे महाकाव्य दहा-अकरा अध्यायांवरच थांबले होते. ते पुढे चालविण्याचे धाडस पंडितांनी नव्हे, लक्ष्मीबाईंनी केले आणि साठांहून अधिक अध्याय रचिले. पुत्र देवदत्त यांस वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते. त्यासाठी आईने आठवणी सांगाव्या असा त्यांचा आग्रह पडला. त्या आठवणींतून ‘स्मृतिचित्रे’ हा ग्रंथ सिद्ध झाला व १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाला. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाईंनी नाशिक येथे देह ठेविला. त्यांच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १९५० साली निघाले व आणखी एक २०१७ साली. मराठीतील उत्तम आत्मचरित्रांत त्याची गणना आजही होते. दुःखाचे डोंगर कोसळत असता इतके प्रसन्न हसू ज्यात ऐकू येते, असे दुसरे पुस्तक आमच्या तरी वाचनात नाही.

आता आमचा एक अपराध सांगून हा लेख पुरा करू. काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गात पाथर्डीकडील एक मुलगा होता. दिवाळीनंतर त्याचे आईबाप ऊसतोडीस कारखान्यावर जात आणि तोही त्यांजबरोबर जाई. परत येई तो सारे धडे पुढे गेलेले. शुद्धलेखनात जोडाक्षर आले की त्याची लेखणी थबके. एके दिवशी त्याची चुकांनी भरलेली वही आम्ही साऱ्या वर्गास वाचून दाखविली. मुले हसली. तो मात्र खाली मान घालून उभा राहिला. पुढील दिवाळीस तो गेला, तो पुन्हा शाळेत आला नाही.

त्यानंतर एका सुटीत आम्ही ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचावयास घेतले, आणि जोडाक्षरांशी झगडणाऱ्या त्या बाईंच्या जागी आम्हास तो मुलगा दिसू लागला. तो झोपडीतील गोष्टी फार रंगवून सांगे, हेही तेव्हा आठवले. ते गुण आमच्या लाल शाईस दिसले नव्हते. मूल गावीच राहून शिकावे म्हणून हंगामी वसतिगृहे निघाली आहेत, वसतिगृहात जागा मिळवून देता येते, सुटलेले धडे संध्याकाळी बसवून घेता येतात. यांपैकी एकही गोष्ट आम्ही केली नव्हती. लक्ष्मीबाईंस निदान धडा पुन्हा सुरू करणारे कोणी होते. त्या मुलास आम्ही तेही दिले नाही.

आमच्या विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी ज्यांच्या घरी दिवा आहे, पुस्तके आहेत व शिकलेली माणसे आहेत, त्यांनी आपल्या गुणांचा गर्व करू नये. त्यांत इतरांचाही वाटा आहे. ज्यांच्या घरी यांतले काहीच नाही, त्यांनी आपणांस मंद समजू नये. आणि शेजारच्या बाकावरचा सोबती अडखळला, तर हसण्यापूर्वी त्याच्याजवळ सरकून बसावे व ते एक अक्षर त्याला काढून दाखवावे. आम्ही शिक्षकही यापुढे तसेच करण्याचा यत्न करू.