जखमींकडे धावून जाणारा शल्यविशारद

रस्त्यावर अपघात झाला की काही मिनिटांत रुग्णवाहिका यावी आणि जखमी व्यक्तीवर जागेवरच उपचार सुरू व्हावेत, ही अपेक्षा आज शहरी माणसाला स्वाभाविक वाटते. मात्र वैद्याने रुग्णालयात वाट न पाहता जखमीकडे धावत जावे, या विचाराला शिस्तबद्ध रूप मिळाले ते रणांगणावर. ते देण्यात सर्वांत मोठा वाटा होता नेपोलियनच्या सैन्यातील शल्यविशारद डोमिनिक जाँ लॅरे यांचा.

फ्रान्सच्या दक्षिणेकडील पिरेनीज पर्वतराजीतील बोदेआँ या खेड्यात ८ जुलै १७६६ रोजी त्यांचा जन्म झाला. लहानपणीच पितृछत्र हरपले. तूलूझ येथे शल्यचिकित्सक असलेल्या काकांनी त्यांना आपल्याकडे नेले आणि शस्त्रक्रियेचे धडे दिले. पुढे नौदलाच्या जहाजावर शल्यचिकित्सक म्हणून ते न्यूफाउंडलंडपर्यंत जाऊन आले. त्यानंतर पॅरिसमध्ये देसो या नामांकित शल्यविशारदाच्या हाताखाली त्यांनी अनुभव घेतला. १७९२ साली युद्ध पेटले आणि लॅरे ऱ्हाइन नदीवरील सैन्यात दाखल झाले.

तेथील व्यवस्था पाहून ते अस्वस्थ झाले. फिरती इस्पितळे लढाईच्या जागेपासून सुमारे एक लीग, म्हणजे चार किलोमीटरच्या आसपास मागे ठेवावीत, असा त्या वेळचा नियम होता. लढाई थांबल्यावरच जखमींना उचलले जाई. त्यांच्यापर्यंत पोहोचण्यात अनेकदा २४ तासांहून अधिक काळ जाई. तोवर रक्तस्राव, तहान आणि थंडीने अनेकांचे प्राण गेलेले असत. पराभव झाला तर जखमी शत्रूच्याच हाती पडत.

त्याच रणांगणावर घोड्यांनी ओढलेल्या हलक्या तोफा वाऱ्याच्या वेगाने इकडून तिकडे नेल्या जात होत्या. तोफा इतक्या चपळाईने हलू शकतात, तर औषधोपचार का नाही, हा प्रश्न लॅरे यांना पडला. त्यातून साकारली ‘उडती रुग्णवाहिका’. दोन चाकांच्या, स्प्रिंगवर झुलणाऱ्या हलक्या गाडीत दोन जखमींना आडवे झोपवता येई. अवघड वाटांसाठी चार चाकांची मोठी गाडी होती. १७९७ साली इटलीत त्यांनी या दलाला पूर्ण आकार दिला. सुमारे ३४० माणसांच्या या दलाचे तीन विभाग होते. प्रत्येक विभागाकडे १२ हलक्या आणि ४ जड गाड्या होत्या. शल्यचिकित्सक, मदतनीस, मलमपट्ट्या आणि उपकरणे हे सारे सैन्याबरोबर पुढे सरकत असे. इजिप्तच्या मोहिमेत गाड्या वाळूत चालेनात, तेव्हा त्यांनी उंटांच्या दोन्ही बाजूंना पेट्या बांधून जखमींना वाहून नेले.

वेगाइतकेच महत्त्व त्यांनी क्रमाला दिले. ज्याची जखम सर्वांत गंभीर, त्याच्यावर प्रथम उपचार. हुद्दा आणि राष्ट्र यांचा विचार करायचा नाही. सेनापतीला किरकोळ जखम असेल तर मरणाच्या दारातील शिपाई आधी, मग तो शत्रूपक्षाचा का असेना. आपत्कालीन वैद्यकात आज ‘ट्रायाज’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीचा हा पाया. निकामी झालेला अवयव कापायचा असेल तर पहिल्या काही तासांतच कापावा, असाही त्यांचा आग्रह होता. १८१२ साली बोरोडिनोच्या लढाईत त्यांनी एका दिवस-रात्रीत सुमारे २०० अवयवच्छेदन शस्त्रक्रिया केल्या. भूल देण्याचे तंत्र तेव्हा अस्तित्वात नव्हते.

मात्र लॅरे यांची खरी कसोटी १८१३ साली लागली. ल्युट्झेन आणि बाउट्झेनच्या लढायांनंतर हातांना व बोटांना जखमा झालेल्या तरुण सैनिकांची संख्या फार मोठी निघाली. लढाई टाळण्यासाठी या मुलांनी स्वतःलाच जखमी करून घेतले, असा वहीम वरिष्ठ अधिकाऱ्यांनी नेपोलियनच्या मनात भरवला. इतरांना जरब बसावी म्हणून काहींना गोळ्या घालण्याची तयारी सुरू झाली. तपासणीचे काम लॅरे यांच्याकडे आले. सम्राटाला कोणता निष्कर्ष हवा आहे, हे उघड होते. लॅरे यांनी अडीच हजारांहून अधिक जखमींची एकेक करून तपासणी केली आणि एकही जण दोषी नाही, असा अहवाल दिला. नवख्या सैनिकांच्या रांगा एकामागे एक उभ्या राहत आणि मागच्यांच्या बंदुकांनी पुढच्यांचे हात जायबंदी होत, हे त्यांनी दाखवून दिले. नेपोलियन संतापला, पण अखेरीस त्याने अहवाल मान्य केला आणि लॅरे यांचा गौरवही केला.

या निःपक्षपातीपणाचे ऋण सैनिकांनी फेडले होते. रशियातून माघार घेताना बेरेझिना नदीच्या पुलावर प्राणांतिक रेटारेटी सुरू असताना शिपायांनी लॅरे यांना हातोहात उचलून पैलतीरी पोहोचवले. १८१५ साली वॉटर्लू येथे ते जखमी अवस्थेत प्रशियन सैन्याच्या हाती सापडले. त्यांना गोळ्या घालण्यात येणार होत्या. इतक्यात त्यांची व्याख्याने ऐकलेल्या एका जर्मन शल्यचिकित्सकाने त्यांना ओळखले. प्रशियन सेनापती ब्ल्युशर याच्या जखमी मुलावर लॅरे यांनीच पूर्वी उपचार केले होते. त्यांची सुटका झाली.

नेपोलियनने मृत्युपत्रात त्यांना एक लाख फ्रँक ठेवले आणि आपल्या पाहण्यातील सर्वांत सद्गुणी माणूस म्हणून त्यांचा उल्लेख केला. अल्जीरियातील लष्करी इस्पितळांची पाहणी करून परतताना २५ जुलै १८४२ रोजी लियाँ येथे लॅरे यांचे निधन झाले. पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीतील त्यांचे अवशेष १९९२ साली लेझँव्हालिद या लष्करी स्मारकस्थळी नेण्यात आले.

रणभूमीवरील ही व्यवस्था शहरांच्या रस्त्यांवर यायला आणखी काही दशके लागली. अमेरिकी यादवी युद्धाचा अनुभव गाठीशी असलेल्या एडवर्ड डाल्टन यांनी १८६९ साली न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात रुग्णवाहिका सेवा सुरू केली. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची राज्यव्यापी सेवा २०१४ साली आली. वाहने बदलली, उपकरणे बदलली. पण जखमीपर्यंत लवकर पोहोचावे आणि तो कोण आहे हे न विचारता उपचार करावेत, ही लॅरे यांची दोन्ही सूत्रे आजही प्रत्येक रुग्णवाहिकेला लागू आहेत. त्यांतील दुसरे पाळणे पहिल्यापेक्षा अवघड आहे, हे १८१३ सालचा तो अहवाल सांगतो.