फॉर्म्युल्यातला डार्सी

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी कसं आहे ते माझ्या रूममेटला विचारा! तरी लिहितेय, कारण ज्या डार्सीमुळे मला केटी लागली, तो एक हाडामांसाचा माणूस होता हे मला पेपरनंतर कळलं.

हेन्री डार्सी १८०३ साली फ्रान्समधल्या दिजाँ या गावात जन्मला. चौदाव्या वर्षी वडील गेले, आईने नेटाने शिकवलं. पॅरिसला शिकून तो सिव्हिल इंजिनिअर झाला आणि गावी परत आला. गावात पाण्याची बोंब होती. सुझाँ ओढ्यात सगळ्या गावाची घाण, आणि तीच जमिनीत मुरून विहिरीही खराब. म्हणजे वरचं पाणी बिघडलं की खालचंही सुटत नाही, फक्त ते उशिरा कळतं. खोल बोअरही मारून झाली होती, पण पाणी पुरेसं निघेना.

डार्सीला सुमारे पावणेतेरा किलोमीटरवरचा रोझ्वारचा झरा पसंत पडला. झरा म्हणजे भूजलच, आपणहून वर आलेलं. पण उघड्यावर वाहू दिलं तर गावात पोचेपर्यंत त्याचाही ओढा होणार! म्हणून त्याने अख्खा पाट झाकून घेतला. पंप नाही, नुसता उतार. १८४० मध्ये पाणी गावात आलं. या कामाचा मोबदला त्याने घेतला नाही. (आमच्यातल्या किती जणांना हे जमेल?)

१८४८ च्या क्रांतीनंतर राजकारणापायी त्याला दिजाँ सोडावं लागलं. तब्येतही ढासळली. नोकरीतून मोकळा झाल्यावर आजारी माणसाने काय करावं? याने दिजाँच्या हॉस्पिटलमध्ये वाळू भरलेला उभा लोखंडी पाइप बसवला आणि त्यातून किती पाणी उतरतं ते मोजत बसला! नदीचं पाणी गाळायच्या फिल्टरला वाळू किती लागेल, हा त्याचा प्रश्न होता.

उत्तर मात्र भूजलाचं मिळालं. नदीत उतार दुप्पट केला तर वेग साधारण १.४ पटच वाढतो, कारण तिथे वर्गमूळ आहे. वाळूत तो सरळ दुप्पट होतो. पण मुळात नदी सेकंदाला मीटरभर जाते, तर वाळूतल्या पाण्याला तेवढ्यासाठी अख्खा दिवसही लागू शकतो. एवढा मोठा शोध त्याने १८५६ च्या पुस्तकात कुठे दिला? मागे, परिशिष्टात! दोन वर्षांनी, जानेवारी १८५८ मध्ये, तो गेला. वय ५४.

मी पेपरात डार्सीच्या सूत्राला वर्गमूळ लावून आले होते. नदीचं गणित विहिरीला.

आता मे महिन्यात हॉस्टेलची बोअर आटली आणि बाजूच्या नाल्याला मात्र पाणी दिसलं, की आम्ही वैतागतो. आपल्याकडे खाली वाळू नाही, काळा खडक आहे. पाणी भेगांतून येतं, आणि त्या भेगांना डार्सीचं सूत्र सरळ लागू पडत नाही, असं आमच्या सरांनी सांगितलंय. तो भाग पुढच्या सेमिस्टरला आहे.