श्री गाडगे महाराज : व्यसननिवारण आणि शिक्षण

श्री गाडगे महाराजांचे नाव ठाऊक नाही असे घर महाराष्ट्रात क्वचितच आढळेल. हातात खराटा, डोक्यावर फुटक्या मडक्याची खापरी आणि अंगावर चिंध्यांचे वस्त्र, अशी त्यांची तसबीर शाळाशाळांतून व ग्रामपंचायतीच्या कचेऱ्यांतून लावलेली असते. शासनाने इ. स. २०००-०१ पासून त्यांच्या नावे ग्रामस्वच्छता अभियान चालविले आणि अमरावतीच्या विद्यापीठास २००५ साली त्यांचे नाव देण्यात आले. यामुळे ते स्वच्छतेचे संत म्हणून सर्वतोमुखी झाले, हे योग्यच झाले. तथापि त्यांच्या चरित्राची एक बाजू यामुळे काहीशी झाकली गेली, असे मला वाटते. ती बाजू म्हणजे दारूशी त्यांनी आयुष्यभर दिलेला झगडा व त्यासाठी गाव आणि शाळा यांची त्यांनी घातलेली सांगड. या स्मरणिकेच्या वाचकांपुढे, त्यांतही तरुण मुलांच्या आईबापांपुढे, तेवढीच बाजू विस्ताराने मांडावी असा माझा हेतू आहे.

महाराजांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी वऱ्हाडातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. हे गाव अमरावती जिल्ह्यात अंजनगाव सुर्जी तालुक्यात आहे. पाळण्यातील नाव डेबूजी. वडील झिंगराजी जानोरकर, आई सखूबाई. घरची स्थिती मुळात अगदीच हलाखीची होती असे नाही. परंतु झिंगराजींना दारूचे व्यसन जडले आणि त्या व्यसनाने आधी घरातील चीजवस्तू, मग शेतीभाती व शेवटी देह, असे क्रमाक्रमाने सर्व नेले. डेबूजी आठ वर्षांचे असताना वडील वारले. मरणाच्या आधी त्यांस पश्चात्ताप झाला व मुलास या मार्गास लागू देऊ नकोस असे त्यांनी पत्नीस बजावले, असे चरित्रकार सांगतात.

येथे त्या काळाची थोडी कल्पना देणे अवश्य आहे. वऱ्हाड प्रांत १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली होता. दारू विकण्याचे मक्ते सरकार लिलावाने देई व त्यापासून सरकारास मोठे उत्पन्न मिळे. मोहाच्या फुलांची दारू खेड्यापाड्यांतून सहज मिळे. त्यात आपल्या व इतर श्रमजीवी जातींमध्ये अशी रूढी पडली होती की, बारसे असो, लग्न असो, नवस असो वा तेरवी असो, भाऊबंदांच्या पंक्तीस मटण आणि दारू ही असलीच पाहिजे. जो ती देणार नाही त्याला जातपंचायत नावे ठेवी. मग गरीब माणूस सावकाराकडे जाई, शेत गहाण टाकी आणि एका रात्रीच्या पंक्तीचे व्याज वर्षानुवर्षे फेडीत बसे. झिंगराजींचे व्यसन हे एकट्याचे व्यसन होते, परंतु ते वाढले ते या पंक्तींतून. ही गोष्ट त्यांच्या मुलाने पुढे नीट ओळखली.

वडिलांच्या मागे सखूबाई मुलास घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे भाऊ चंद्रभान यांच्या आश्रयास आल्या. तेथे डेबूजी गुरे राखू लागले, पुढे शेतीच्या कामात तरबेज झाले. शाळेत जाण्याचा योग त्यांना कधीच आला नाही. मामांची जमीन कर्जापायी सावकाराच्या घशात गेली, तेही त्यांनी डोळ्यांदेखत पाहिले. १८९२ साली कुंताबाईंशी त्यांचा विवाह झाला.

यानंतरचा प्रसंग माझ्या मते त्यांच्या चरित्रातील सर्वांत मोठा आहे. बहुतेक चरित्रांतून त्यांच्या गृहत्यागाचे वर्णन पानेच्या पाने येते व या प्रसंगास चार ओळी मिळतात. त्यांना पहिली मुलगी झाली. बारशासाठी आप्तेष्ट जमले. रूढीप्रमाणे मटणाचे व दारूचे जेवण अपेक्षित होते. डेबूजींनी मात्र गोड अन्नाची पंगत घातली. भाऊबंद संतापले, टोचून बोलले. त्यांनी ऐकून घेतले आणि शांतपणे वाढीत राहिले. या वेळी ते कोणी महाराज नव्हते. त्यांच्यामागे ना शिष्य होते ना प्रतिष्ठा. एक निरक्षर शेतकरी तरुण आपल्याच अंगणात, आपल्याच भाऊबंदांसमोर, एका रूढीस नकार देत होता. परक्या गावात जाऊन दारूविरुद्ध बोलणे सोपे असते. स्वतःच्या घरच्या पंक्तीत मामा-काकांपुढे पेला न ठेवणे कठीण असते, हे ज्याने अनुभवले असेल त्यासच कळेल.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी रात्री त्यांनी घर सोडले. पुढील बारा वर्षे ते अनवाणी फिरले. हाती फुटके गाडगे, त्यातच भाकरी घ्यावयाची व पाणी प्यावयाचे. त्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. पूर्णा नदीकाठच्या ऋणमोचन येथे पौष महिन्यात रविवारी यात्रा भरते. तेथे चिखलातून जाणाऱ्या यात्रेकरूंचे हाल पाहून ते स्वतः माती वाहू लागले, आणि मग लोकवर्गणीतून तेथे घाट उभा राहिला. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक येथील धर्मशाळा पुढच्या काळातील होत. त्यांची मोजदाद करण्याचे येथे प्रयोजन नाही.

त्यांच्या कीर्तनाविषयी मात्र थोडे सविस्तर लिहितो, कारण त्यात शिक्षकाने शिकण्यासारखे पुष्कळ आहे. गावात पाऊल टाकताच ते प्रथम खराटा मागत आणि रस्ते झाडू लागत. थोड्या वेळात चार पोरे, मग चार मोठी माणसे त्यांच्या पाठीमागे झाडू लागत. सायंकाळपर्यंत गाव स्वच्छ होई व सर्व गावकरी कीर्तनास येत, कारण दिवसभर त्यांनी एकत्र काम केलेले असे. रात्री गोपाळनामाच्या गजराने कीर्तनास आरंभ होई. पोथी नाही, संस्कृत श्लोकांची भाराभर अवतरणे नाहीत. शुद्ध वऱ्हाडी बोली. ते श्रोत्यांस प्रश्न विचारीत आणि उत्तर श्रोत्यांकडूनच काढून घेत. दारूवर रोज किती जाते, महिन्यास किती, वर्षास किती, तेवढ्या पैशात किती पुस्तके आली असती, किती लुगडी आली असती, हा हिशेब ज्याने कधी पाटी धरली नाही तो शेतकरीही भर सभेत तोंडी करून दाखवी. अध्यापन विद्यालयात आम्हांस प्रश्नोत्तर पद्धती म्हणून जे शिकविले गेले, ते या निरक्षर पुरुषास उपजतच साधले होते. हिशेब पुरा झाला की ते सर्वांकडून दारू सोडण्याचे वचन घेत. वचन एकट्यात नव्हे, गावासमोर घ्यावयाचे, म्हणजे उद्या पुन्हा गुत्त्याकडे पाय वळला तर शेजारी ओळखील.

दारू सोडा एवढ्यावरच ते थांबत नसत. सोडलेल्या दारूचा पैसा कोठे लावावयाचा तेही सांगत, आणि त्यांचे उत्तर ठरलेले असे : मुलांच्या शाळेस. घरातील जेवणाची ताटे विकावी लागली तरी विका, हातावर भाकरी घेऊन खा, बायकोस कमी किमतीचे लुगडे घ्या, परंतु मुलास शाळेत घातल्यावाचून राहू नका, असा त्यांचा उपदेश असे. आपण शिकलो नाही म्हणून आयुष्यभर पाट्याच उचलल्या, हे ते स्वतःकडे बोट दाखवून सांगत. व्यसन आणि अज्ञान ही त्यांच्या लेखी जुळी भावंडे होती.

१९२३ साली त्यांचा मुलगा गोविंद वारला. ती वार्ता त्यांना कोकणात खारेपाटण येथे कीर्तन चालू असता मिळाली. कीर्तन त्यांनी थांबविले नाही. यावर अधिक लिहिणे मला प्रशस्त वाटत नाही.

शिक्षणाच्या बाबतीत त्यांचा सर्वांत निकटचा संबंध आला तो कर्मवीर भाऊराव पाटील यांच्याशी. भाऊरावांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली व १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. सर्व जातींची मुले तेथे एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत व श्रम करून शिकत. ज्या मुलाच्या घरी सायंकाळ झाली की शिवीगाळ व मारहाण, त्या मुलास वेळेवर जेवण, अंगास काम, झोपण्याच्या वेळा आणि विचारपूस करणारा गुरुजी मिळाला, तर त्याचे आयुष्य कसे पालटते हे मी माझ्या नोकरीच्या काळात वसतिगृहातील मुलांत पाहिले आहे. परंतु प्रत्येक मुलास घरातून उचलून वसतिगृहात नेता येत नाही. म्हणून भाऊरावांचे काम मुलांमध्ये व बाबांचे काम त्या मुलांच्या बापांमध्ये, अशी ही दोन कामे एकमेकांस पूरक ठरली. बाबा कीर्तनातून भाऊरावांच्या संस्थेसाठी लोकांस आवाहन करीत. महात्मा गांधींच्या वधानंतर, १९४८ साली, भाऊरावांच्या एका भाषणावरून मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान बंद केले, तेव्हा मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे बाबांनी शब्द टाकला व अनुदान पुन्हा सुरू झाले. स्वतःसाठी कोणाकडे काही न मागणारा हा पुरुष शाळेसाठी मुख्यमंत्र्यांकडे गेला. भाऊरावांनी १९५४ साली कऱ्हाड येथे महाविद्यालय काढले, त्यास सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव दिले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविषयी त्यांना अपार आदर होता. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीस विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी देऊन टाकली. यात्रेकरूंच्या धर्मशाळेचे विद्यार्थ्यांचे घर व्हावे, यात त्यांना काही गमावल्यासारखे वाटले नाही. १९५२ साली श्री गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली व त्याच्या आश्रमशाळा आणि वसतिगृहे पुढे महाराष्ट्रभर पसरली.

आता ज्ञातिबांधवांस थोडे कटू बोलण्याची परवानगी घेतो. २३ फेब्रुवारीस आपण बाबांच्या तसबिरीस हार घालतो, मिरवणूक काढतो. त्याच महिन्यात आपल्याच एखाद्या घरी हळदीच्या रात्री मांडवाच्या मागे बाटल्या फुटतात आणि पंधरा-सोळा वर्षांची पोरे त्या उचलण्यास पुढे असतात. ज्या पंक्तीस डेबूजींनी नकार दिला, तीच पंगत नाव बदलून परत आली आहे. मग मुलाच्या दप्तरात गुटख्याची पुडी सापडली की आपण शाळेत येऊन गुरुजींस जाब विचारतो. मुलगा शाळेत सहा तास असतो व उरलेले अठरा तास तुमच्या-आमच्यात असतो, हे मी पालकसभांतून कितीदा सांगितले असेल याची गणती नाही.

कायदे काही कमी नाहीत. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूचे पदार्थ विकण्यास २००३ च्या कायद्याने मनाई आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. अल्पवयीन मुलास दारू, तंबाखू अथवा अमली पदार्थ देणाऱ्यास २०१५ च्या बालन्याय कायद्याने सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. परंतु शाळेसमोरची टपरी बहुधा गावातल्याच कोणाची तरी असते. शिक्षकाने एकट्याने तक्रार केली तर त्याची बदली होण्याची भीती. गावातील दहा कर्ती माणसे व दहा माता मुख्याध्यापकांबरोबर टपरीवाल्याकडे गेल्या तर तक्रारीवाचून काम होते, हे मी दोनदा पाहिले आहे. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली दारूबंदी झाली आणि २०२१ साली ती उठली. वरून आलेली बंदी वरून जाऊ शकते. बाबांनी कायद्याची वाट पाहिली नाही आणि सरकारकडे बोटही दाखविले नाही. आधी झाडले, मग हिशेब करून दाखविला, मग गावासमोर वचन घेतले. आपल्या मंडळाने यंदापासून लग्नाच्या आमंत्रणावर पंक्तीत दारू नसेल असे छापण्याचा ठराव केला, आणि प्रत्येक गावी शाळेच्या सभेस ज्ञातीतील दोन जाणती माणसे पाठविली, तर त्यास फारसा खर्च येणार नाही.

बाबांचे शेवटचे दिवस प्रवासातच गेले. नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईस वांद्रे येथे पोलिसांपुढे झालेल्या त्यांच्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण आजही ऐकावयास मिळते; तरुणांनी ते अवश्य ऐकावे. आवाज थकलेला आहे, परंतु प्रश्न विचारण्याची धाटणी तीच आहे. ६ डिसेंबरास बाबासाहेब आंबेडकर गेले, त्याचा त्यांना फार मोठा धक्का बसला. प्रकृती आधीच खालावली होती. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे पेढी नदीच्या पुलाजवळ, वाहनातच, त्यांनी देह ठेवला. अंत्यसंस्कार अमरावतीस झाला. त्या भागास आता गाडगेनगर म्हणतात.

उभारलेल्या एकाही संस्थेवर आपल्या नातलगांचा हक्क राहणार नाही, अशी व्यवस्था त्यांनी हयातीतच करून ठेवली होती. त्यांच्या नावे मुंबईस दादर येथे जी धर्मशाळा चालते, तेथे टाटा रुग्णालयात उपचारासाठी आलेले कर्करोगाचे गरीब रुग्ण व त्यांचे नातेवाईक उतरतात. त्यांमध्ये तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग झालेली माणसेही असतात.